ऑक्सिजनची पकड : सिलिकॉनच्या पदार्थसृष्टीचा आढावा

सह्याद्रीच्या घाटात रस्त्याकडेला उघडा पडलेला काळा कातळ प्रयोगशाळेत नेऊन तपासला, तर त्याच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग, असल्याचे आढळते. तरीही त्या कातळाची काच कोणी करत नाही, चिप तर दूरच. बेसॉल्टमधली सिलिका लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम यांच्याशी बांधलेली असते. मोकळी गारगोटी त्यात जवळजवळ नसतेच. काचेला आणि ओतकामाला लागणारी सिलिका वाळू महाराष्ट्रात मिळते ती सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यातल्या कासार्डे परिसरात. तिथला खडक बेसॉल्टहून जुना आणि वेगळ्या जातीचा आहे.

पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे २८ टक्के सिलिकॉन आहे. फक्त ऑक्सिजन त्याच्या पुढे. इतके विपुल असूनही हे मूलद्रव्य माणसाच्या हाती सुटे लागले ते १८२४ साली, स्वीडनच्या याकोब बर्झेलियस यांनी पोटॅशियम वापरून त्याला एका फ्लोराइड संयुगातून बाहेर काढले तेव्हा. सोने, तांबे, लोखंड यांच्या मानाने हे फारच अलीकडचे. हा उशीर का झाला ते समजले, की सिलिकॉनपासून होणाऱ्या बहुतेक पदार्थांचे वागणे उलगडते. सिलिकॉनने एकदा ऑक्सिजनला धरले, की तो सहजासहजी सोडत नाही. माणसाने या पकडीशी तीन तऱ्हांनी व्यवहार केला. पकड तशीच ठेवून अणूंची मांडणी बदलली, तेव्हा काच, सिमेंट आणि झिओलाइट मिळाले. पकड पूर्ण तोडली, तेव्हा सौरघट आणि चिप हाती आल्या. सिलिकॉनचे निम्मे बंध ऑक्सिजनकडे ठेवून उरलेल्या जागी कार्बनचे गट बसवले, तेव्हा सिलिकोन या नावाने ओळखले जाणारे रबर आणि तेल तयार झाले. या तिन्ही वाटांची किंमत वेगवेगळी आहे, आणि ‘सिलिकॉन म्हणजे वाळू, वाळूला काय तोटा’ असे म्हणताना नेमकी तीच नजरेआड होते. कच्चा माल कधीच महाग नव्हता. महाग आहे ती शुद्धता, तिला लागणारी ऊर्जा, आणि धुळीत काम करणाऱ्या माणसाचे फुप्फुस.

कार्बनचा शेजारी

आवर्तसारणीत सिलिकॉन कार्बनच्या थेट खाली बसतो. दोघेही चार बंध करतात. पण कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल लागतात आणि कार्बन-ऑक्सिजन बंधाला सुमारे ३६०; म्हणजे कार्बनला दोन्ही जवळपास सारखेच. कार्बनच्या लांबलचक साखळ्या हवेत टिकतात, याचे हे एक मोठे कारण. सिलिकॉनचे पारडे मात्र एकाच बाजूला झुकलेले आहे. सिलिकॉन-सिलिकॉन बंधाला सुमारे २२५, तर सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाला सुमारे ४५०, अगदी दुप्पट. त्यामुळे मिथेनसारखीच रचना असलेला सिलेन वायू हवेशी गाठ पडताच ठिणगीशिवाय पेट घेतो.

दुसरा फरक अणूच्या आकाराचा. कार्बनचा अणू लहान, म्हणून तो ऑक्सिजनशी दुहेरी बंध सहज करतो. दोन ऑक्सिजन मिळाले की त्याच्या चारही बंधांची सोय लागते आणि कार्बन डायऑक्साइडचा सुटा रेणू वायू होऊन निघून जातो. सिलिकॉनचा अणू मोठा. त्याला दुहेरी बंध सहजी जमत नाही, म्हणून तो चार वेगवेगळ्या ऑक्सिजनांना एकेरी बंधांनी धरतो, आणि त्यांतला प्रत्येक ऑक्सिजन दुसऱ्या बाजूने आणखी एका सिलिकॉनला जोडलेला असतो. सुटा रेणू असा उरतच नाही; सगळा खडा हीच एक अखंड जाळी. गारगोटी वितळवायला १,७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते ते यामुळे. दोन सिलिकॉन अणूंमध्ये टिकाऊ दुहेरी बंध असलेले पहिले संयुग रॉबर्ट वेस्ट यांच्या गटाने विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८१ साली तयार केले. त्यासाठी त्या बंधाभोवती अवजड कार्बनी गट उभे करून त्याला इतर रेणूंपासून दूर ठेवावे लागले.

मध्ये सिलिकॉन आणि चार कोपऱ्यांत ऑक्सिजन असा चतुष्फलक हे या सगळ्या सृष्टीचे मूळ एकक. चतुष्फलक सुटे राहिले तर ऑलिव्हिनसारखे खनिज होते, साखळीत जोडले गेले तर पायरॉक्सीन, पत्र्यासारखे पसरले तर अभ्रक, आणि चारही कोपरे वाटून घेतले तर गारगोटी. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात, शंखजिरे बोटाला गुळगुळीत लागते, माती पाणी पिऊन फुगते. हे सारे चतुष्फलकांच्या थरांचे आणि थरांमध्ये काय अडकले आहे याचे परिणाम. क्रायसोटाइल ॲस्बेस्टॉसमध्ये हाच पत्रा स्वतःभोवती गुंडाळला जाऊन तंतू होतो. ते तंतू श्वासातून आत गेले की पुढे काय होते, हे जगाला फार उशिरा आणि फार मोठ्या किमतीने कळले.

दारातली झिओलाइट आणि रोमहून आलेली

चतुष्फलकांच्या जाळीत काही सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसला, तर प्रत्येक ॲल्युमिनियममागे एक ऋण भार शिल्लक राहतो. तो भागवायला सोडियम किंवा कॅल्शियमचे आयन जाळीच्या पोकळ्यांत येऊन राहतात, आणि ते बदलताही येतात. पोकळ्यांची दारे मोजक्या मापाची असल्यामुळे कोणता रेणू आत जाईल आणि कोणता बाहेर राहील, हे रचनाच ठरवते. ही झिओलाइट. १७५६ साली स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ क्रॉनस्टेट यांनी या गटातले खनिज तापवले, तेव्हा त्यातून पाण्याची वाफ उसळताना त्यांना दिसली.

दख्खनच्या बेसॉल्टमध्ये ही खनिजे विपुल सापडतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांतून गरम पाणी झिरपत राहिले आणि स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट यांचे स्फटिक वाढले. त्यांच्याच सोबतीने ॲपोफिलाइट मिळतो, आणि पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला निळाशार कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत मांडलेला असतो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हे वैभव एकाच ठिकाणी पाहता येते, आणि ते पाहावेच.

पण उद्योगाला लागणारी झिओलाइट बहुतांशी कारखान्यात तयार होतात. सोडियम सिलिकेट आणि सोडियम ॲल्युमिनेट यांच्या द्रावणातून, ठरावीक तापमानाला, हव्या त्या मापाच्या पोकळ्यांची जाळी वाढवली जाते. कपड्यांच्या पावडरीत ती पाण्यातला कॅल्शियम पकडून बदल्यात सोडियम देते. तेलशुद्धीकरण कारखान्यात जड तेलाचे पेट्रोल करण्यासाठी १९६०च्या दशकापासून झिओलाइट उत्प्रेरक वापरात आले आणि तोच खनिज तेलाचा पिंप आधीपेक्षा जास्त पेट्रोल देऊ लागला. या क्षेत्रात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे काम अभिमानाने सांगावे असे आहे. पॉल रत्नसामी यांच्या नेतृत्वाखाली तिथे तयार झालेले एन्सिलाइट उत्प्रेरक १९८०च्या दशकात बडोद्याच्या आयपीसीएल कारखान्यात झायलीनच्या प्रक्रियेसाठी वापरले गेले. प्रयोगशाळेतला शोध देशातल्याच कारखान्यापर्यंत पोहोचल्याची अशी उदाहरणे आपल्याकडे मोजकीच आहेत.

२०२१च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, रुग्णालयांच्या आवारात ऑक्सिजननिर्मितीचे संच उभे राहू लागले. हवा दाबाखाली झिओलाइटमधून नेली की नायट्रोजन पोकळ्यांतल्या आयनांना चिकटून मागे राहतो आणि सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन पुढे येतो. दाब कमी केला की नायट्रोजन सुटतो आणि तीच झिओलाइट पुन्हा कामाला लागते. या संचांसाठी लागणारी झिओलाइट तेव्हा एअर इंडियाच्या विमानांनी रोमहून बंगळूरला आणावी लागली. झिओलाइटच्या स्फटिकांसाठी जगप्रसिद्ध असलेल्या देशाची ही गत का व्हावी, याचे उत्तर रसायनातच आहे. स्टिल्बाइटच्या पोकळ्यांचे माप आणि त्यातले आयन या कामाचे नाहीत. त्यासाठी एकसारख्या मोठ्या पोकळ्यांची, सोडियम किंवा लिथियम भरलेली, मुद्दाम वाढवलेली जाळी लागते. खाणीतून मिळते ते खनिज, आणि या कामाचा पदार्थ घडतो तो कारखान्यात. मधले अंतर आपण ठिकठिकाणी मोकळे सोडले आहे, असे मला वाटते, आणि पुढे पॉलिसिलिकॉनच्या बाबतीतही तेच दिसेल.

काच, काँक्रीट आणि साचे

काच करायची तर जाळी थोडी मोडावी लागते. वाळूत सोडा मिसळला की त्यातला सोडियम सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असे काही पूल तोडतो आणि मिश्रण कमी तापमानाला वितळते. नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते, म्हणून चुना घालायचा. बाटलीच्या किंवा खिडकीच्या काचेत सत्तर टक्क्यांच्या वर सिलिका असते आणि बाकी मुख्यतः सोडा आणि चुना. आपल्याकडे या उद्योगाची एक सुरुवात तळेगाव दाभाडे इथे १९०८ साली झाली. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभ्या केलेल्या निधीतून पैसाफंड काच कारखाना निघाला. स्वदेशीच्या चळवळीतून रसायनाचा कारखाना उभा राहावा, ही त्या काळाची दृष्टी मला आजही थोर वाटते.

सोडा आणि चुना यांच्या बहुतेक भागाऐवजी बोरॉनचे ऑक्साइड घातले की तापल्यावर होणारे प्रसरण साध्या काचेच्या तिसऱ्या हिश्श्यावर येते. जर्मनीत येना इथे ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ही काच घडवली. चंचुपात्र ज्योतीवर धरले तरी तडकत नाही ते यामुळे, आणि आपल्या घरांत बोरोसिल हे नाव रुळले तेही याच काचेमुळे.

प्रकाशतंतूचा पल्ला याहून कितीतरी पुढचा आहे. १९६६ साली इंग्लंडमध्ये काम करणारे चार्ल्स काओ यांनी असे मांडले की काचेत प्रकाश विझतो याला काच स्वतः जबाबदार नाही. दोष तिच्यातल्या लोहासारख्या अशुद्धींचा आहे, आणि घट किलोमीटरला २० डेसिबलच्या खाली आणली तर काचेतून संदेश पाठवता येतील. १९७० साली अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीतल्या संशोधकांनी १७ डेसिबलचा तंतू काढला. आजच्या तंतूत ही घट ०.२ डेसिबलच्याही खाली असते. पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. हे साधले ते वाळू वितळवून नव्हे. सिलिकॉन टेट्राक्लोराइड हा द्रव ५८ अंशांच्या सुमारास उकळतो, म्हणून त्याचे पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून तो हवा तेवढा शुद्ध करता येतो. मग त्याची वाफ ज्योतीत जाळून सिलिकेची अतिसूक्ष्म भुकटी एका कांडीवर बसवायची, तिची निर्मळ काच करायची आणि ती ओढून केसासारखा तंतू काढायचा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या औद्योगिक वसाहतींत स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे कारखाने काचेपासून तंतूपर्यंतचा हा सगळा प्रवास करतात. वर म्हटलेले मधले अंतर जिथे भरून निघाले, त्यातले हे एक ठिकाण.

सिमेंटबद्दल थोडक्यात. जोसेफ ॲस्पडिन यांनी इंग्लंडमध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले तेही १८२४ सालीच. चुनखडी आणि माती सुमारे १,४५० अंशांना भाजून कॅल्शियम सिलिकेट करायचे. पाणी मिळताच त्यापासून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होते, आणि काँक्रीटचे बळ त्या जेलसारख्या पदार्थात असते. सिलिकॉन धातूच्या भट्टीतून धुरासारखी निघणारी सूक्ष्म सिलिका पूर्वी वाया जाई. ती काँक्रीटमध्ये मिसळली की सुटा राहिलेला चुना बांधला जातो आणि काँक्रीट जास्त मजबूत आणि कमी सच्छिद्र होते. समुद्राकाठच्या बांधकामाला हे फार उपयोगाचे.

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींत हेच रसायन काही सेकंदांत घडताना दिसते. वाळूत सोडियम सिलिकेट कालवून कोअरपेटीत ठासायचे आणि नळीने कार्बन डायऑक्साइड सोडायचा. वायू लागताच सिलिकेटमधून सिलिकेचे जेल सुटते, ते वाळूचे कण एकमेकांना चिकटवते आणि पोकळ ओतकामासाठी लागणारा कोअर जागच्या जागी कडक होतो.

पकड तोडणे

सिलिकॉन सुटा करायचा तर गारगोटीचे खडे कोळशाबरोबर विद्युतभट्टीत टाकून तापमान २,००० अंशांच्या घरात न्यावे लागते. कार्बन ऑक्सिजनला घेऊन कार्बन मोनॉक्साइड होऊन जातो आणि तळाशी ९८-९९ टक्के शुद्ध सिलिकॉन साठतो. किलोमागे साधारण ११ ते १३ युनिट वीज जाते. म्हणून हा उद्योग गारगोटीच्या शोधात फारसा फिरत नाही. स्वस्त वीज असेल तिथे, म्हणजे नॉर्वे, आइसलँड किंवा चीनचे काही प्रांत इथे तो स्थिरावतो. यातला बराच सिलिकॉन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंत जातो. मोटारसायकलचा पिस्टन त्याच मिश्रधातूचा. लोहाबरोबर काढलेला फेरोसिलिकॉन पोलादातला ऑक्सिजन काढतो, आणि रोहित्रांच्या गाभ्याच्या पोलादात सुमारे तीन टक्के सिलिकॉन असतो.

चिपसाठी ९९ टक्के शुद्धता काहीच कामाची नाही. तिथे दशांश चिन्हापुढेही सात ते नऊ वेळा नऊचा आकडा यावा लागतो. घन पदार्थ इतका शुद्ध करण्याची वाट पुन्हा द्रवातूनच जाते. सिलिकॉनवर हायड्रोजन क्लोराइड सोडून ट्रायक्लोरोसिलेन करायचा. हा द्रव ३२ अंशांच्या सुमारास, म्हणजे पुण्याच्या उन्हाळ्यातल्या दुपारीही, उकळेल असा. त्याचे ऊर्ध्वपातन करून बोरॉन आणि फॉस्फरस काढून टाकायचे आणि हायड्रोजनबरोबर १,१०० अंशांना तापवलेल्या सिलिकॉनच्या कांड्यांवर तो पुन्हा सिलिकॉन म्हणून बसवायचा. हे पॉलिसिलिकॉन. ते १,४१४ अंशांना वितळवून त्यात एक लहान स्फटिक बुडवायचा आणि फिरवत फिरवत सावकाश वर ओढायचा, म्हणजे एकच अखंड स्फटिक वाढत जातो. ही पद्धत पोलंडचे यान चोखराल्स्की यांनी १९१६ साली बर्लिनमध्ये शोधली, ती वितळलेल्या कथिलात चुकून लेखणी बुडवल्यावर. वितळलेला सिलिकॉन ज्या मुशीत ठेवायचा ती अतिशुद्ध क्वार्ट्झचीच लागते, आणि असे क्वार्ट्झ अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या स्प्रूस पाइन या छोट्या गावाभोवती एकवटले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन चक्रीवादळाने तिथल्या खाणी काही काळ बंद पडल्या, तेव्हा साऱ्या चिप उद्योगाला धास्ती वाटली.

१९४७ साली बेल प्रयोगशाळेत झालेला पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा होता. विद्युतकण जर्मेनियममधून जास्त चपळाईने धावतात. तरी सिलिकॉन पुढे गेला, आणि त्यामागचे एक मोठे कारण तोच ऑक्सिजन. जर्मेनियमचे ऑक्साइड पाण्यात विरघळते. सिलिकॉनवर वाढणारा ऑक्साइडचा थर पाण्याला दाद देत नाही, वीज वाहू देत नाही आणि खालच्या स्फटिकाशी एकजीव बसतो. बेल प्रयोगशाळेतच कार्ल फ्रॉश आणि लिंकन डेरिक यांना १९५५ साली भट्टीतल्या एका अपघातामुळे असा थर सापडला, आणि अशुद्धी नेमक्या जागीच शिरू देण्यासाठी तो मुखवट्यासारखा वापरता येतो हे त्यांच्या लक्षात आले. मोहम्मद अटाला आणि डावन कांग यांनी त्याच थरावर १९५९-६०च्या सुमारास मॉस्फेट या जातीचा ट्रान्झिस्टर उभा केला. आजच्या प्रत्येक फोनमध्ये त्याचे अब्जावधी वंशज आहेत. २००७ पासून सर्वांत सूक्ष्म चिपमध्ये या थराची जागा हाफ्नियमच्या ऑक्साइडने घेतली, पण तोवर अर्धशतक सगळा डोलारा सिलिकेवर उभा होता. एवढी वीज ओतून ज्या ऑक्सिजनला हुसकावले, त्यालाच मोजून-मापून परत बोलवावे लागले; सिलिकॉनच्या इतिहासातला हा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो.

सौरघटाचा जन्मही बेल प्रयोगशाळेतला. १९५४ साली चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांच्या घटाची कार्यक्षमता सुमारे सहा टक्के होती. एका जोडाच्या सिलिकॉन घटाची सैद्धांतिक मर्यादा सुमारे २९ टक्के आहे आणि प्रयोगशाळा २७च्या आसपास पोहोचल्या आहेत. यापुढची मजल सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा पातळ थर चढवून मारली जाते; अशा जोडघटांनी प्रयोगशाळेत ३४ टक्के ओलांडले आहेत, मात्र उन्हापावसात पंचवीस वर्षे टिकण्याची परीक्षा अजून बाकी आहे. जगातल्या पॉलिसिलिकॉनचा बहुतांश भाग आज चीनमध्ये होतो. भारताने या वाटेवर पाऊल टाकले नव्हते असे नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ए. आर. वासुदेव मूर्ती यांनी विकसित केलेल्या तंत्रावर तामिळनाडूत मेट्टूर इथे १९८०च्या दशकात मेटकेम या कंपनीने अतिशुद्ध सिलिकॉन काढला. पण त्याचा मोठा उद्योग झाला नाही. छपरांवर सौरफलक वाढवत नेताना त्यातला सिलिकॉन कुठून येतो, हा प्रश्न तेव्हापासून तसाच आहे.

कार्बनशी जोडून होणारे सिलिकॉन कार्बाइड एडवर्ड ॲचेसन यांनी १८९१ साली विद्युतभट्टीत केले आणि शंभर वर्षे ते धार लावण्याच्या चाकात आणि पॉलिश पेपरवर राबले. आता त्याचे मोठे स्फटिक वाढवता येतात. जास्त विद्युतदाब आणि जास्त उष्णता सोसत असल्यामुळे विजेवरच्या मोटारींच्या इन्व्हर्टरमध्ये ते सिलिकॉनला मागे टाकत आहे. लिथियम बॅटरीत सिलिकॉन ग्रॅमला ३,५७९ मिलिअँपिअर-तास भार साठवू शकतो, तर ग्रॅफाइट ३७२. अडचण अशी, की लिथियम आत शिरला की त्याचे आकारमान चौपटीच्या घरात जाते आणि तो भंगतो. त्यामुळे सध्या तो ग्रॅफाइटमध्ये थोडासाच मिसळला जातो.

अर्धी पकड

नॉटिंगहॅमचे फ्रेडरिक किपिंग यांनी चाळीसएक वर्षे सिलिकॉन आणि कार्बन यांच्या बंधांवर काम केले. प्रयोगानंतर भांड्याच्या तळाशी वारंवार चिकट राळ उरे, आणि ती त्यांच्या कामात अडचणच ठरे. या क्षेत्रातून लवकर काही उपयोगी निघेल, अशी आशा त्यांना १९३०च्या दशकातही वाटत नव्हती. तीच राळ पुढे उद्योग झाली. १० मे १९४० रोजी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत यूजीन रोखाव यांनी तांब्याचा उत्प्रेरक मिसळलेल्या तापलेल्या सिलिकॉनवरून मिथिल क्लोराइड वायू सोडला आणि एकाच पायरीत डायमिथिल डायक्लोरोसिलेन मिळवला. जर्मनीत रिचर्ड म्यूलर त्याच सुमारास स्वतंत्रपणे तिथवर पोहोचले. या द्रवावर पाणी घातले की क्लोरीन निघून जातो, त्याच्या जागी ऑक्सिजन येतो आणि सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन अशी लांब साखळी होते. प्रत्येक सिलिकॉनवर दोन मिथिल गट राहतात. भट्टीत गमावलेला ऑक्सिजन सिलिकॉनला इथे पाण्यातून परत मिळतो, मात्र आता निम्माच.

या निम्मेपणात सिलिकोनचे सगळे गुण आहेत. कणा खडकाचा, म्हणून २०० अंशांपर्यंत तो उष्णतेला आणि उन्हाला पुरून उरतो. ऑक्सिजनपाशी होणारा कोन मोठा, सुमारे १४३ अंशांचा, आणि त्याभोवती साखळी सहज वळते. त्यामुळे उणे १०० अंशांच्याही खाली गेल्यावरच ती काचेसारखी ताठरते. मिथिल गट बाहेरच्या बाजूला राहून पाणी झिडकारतात. १९४३ साली डाऊ कॉर्निंग कंपनी स्थापन झाली ती उंचावरून उडणाऱ्या लढाऊ विमानांच्या प्रज्वलन यंत्रणेत ओल शिरू न देणाऱ्या मलमासाठी. आज केकचा साचा, बाळाच्या बाटलीचे बूच, न्हाणीघराच्या सांध्यातले सीलंट, स्टिकरच्या मागचा निसरडा कागद आणि पोटातल्या वायूवरच्या गोळीतले सिमेथिकोन ही सारी त्याची रूपे. सीलंट लावताना व्हिनेगरचा वास येतो, कारण साखळ्या जुळताना ॲसेटिक आम्ल सुटते. समुद्राकाठच्या वीजवाहिन्यांवर चिनी मातीच्या इन्सुलेटरवर खाऱ्या धुक्याचा थर बसतो आणि ओल धरली की वीज त्यावरून झेप घेते. सिलिकोन रबराच्या इन्सुलेटरमधून लहान साखळ्या हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि वर बसलेल्या मिठालाही पाणी झिडकारायला लावतात. कोकण किनाऱ्यासारख्या हवेत याचे मोल वेगळे सांगायला नको.

शरीरात बसवण्याच्या सिलिकोनचा इतिहास मात्र सरळ नाही. स्तनरोपणाची पहिली शस्त्रक्रिया ह्यूस्टनमध्ये १९६२ साली झाली. १९९२ मध्ये अमेरिकेने जेलच्या रोपणांवर निर्बंध घातले, आणि पुढच्या अभ्यासांनंतर २००६ मध्ये ते उठवले. फ्रान्समध्ये २०१० साली पीआयपी कंपनीने रोपणांत वैद्यकीय दर्जाऐवजी औद्योगिक दर्जाचे जेल भरल्याचे उघड झाले. पदार्थाचे नाव एक आणि शुद्धता वेगळी, याचा हा सर्वांत क्रूर दाखला. पर्यावरणाचा प्रश्न सिलिकोनच्या लहान वलयाकार रेणूंचा, म्हणजे वलयाकार सिलोक्झेनांचा आहे. शाम्पूसारख्या धुऊन टाकायच्या प्रसाधनांत डी४ आणि डी५ यांचे प्रमाण ०.१ टक्क्याखाली ठेवण्याचे बंधन युरोपीय संघाने ३१ जानेवारी २०२०पासून घातले. अडचण अशी, की निसर्गात सिलिकॉन-कार्बन बंध करणारा वा तोडणारा जीव माहीत नाही. फ्रान्सिस अरनॉल्ड यांच्या प्रयोगशाळेने २०१६ साली असा बंध जोडणारे आणि २०२४ साली सिलोक्झेनमधला तो तोडणारे विकर घडवले. दुसरे काम मला जास्त महत्त्वाचे वाटते.

हलकी सिलिका, जड धूळ

द्रावणातून सावकाश जमवलेली सिलिका सच्छिद्र होते. बुटांच्या खोक्यातल्या पुडीतल्या सिलिका जेलच्या एका ग्रॅमला शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग असतो. सॅम्युएल किस्लर यांनी १९३१ साली अशा जेलमधला द्रव त्याची रचना न मोडता काढला आणि जवळपास हवाच असलेले एरोजेल मिळवले. या विषयावर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात ए. व्यंकटेश्वर राव यांच्या गटाने कित्येक वर्षे नेटाने काम केले आहे. मिशेलिनने १९९२ साली टायरमधल्या काजळीच्या जागी बरीचशी सिलिका घातली आणि इंधनाची बचत साधली. रबर आणि सिलिका यांचे एरवी जमत नाही, म्हणून एक टोक सिलिकेला आणि दुसरे रबराला धरणारे सिलेन वर्गातले संयुग मध्ये घालावे लागते. भाताचे रोप जमिनीतून सिलिका शोषून तुसात साठवते. तूस जाळल्यावर वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकी राख उरते, आणि तिचा सुमारे ९० टक्के भाग सिलिका असतो. भंडारा-गोंदियाच्या भातगिरण्यांजवळ हा कच्चा माल पडून आहे. ७०० अंशांच्या आत जाळले तर ही सिलिका अस्फटिक राहते. त्याहून जास्त तापली तर ती स्फटिकरूप होऊ लागते, आणि तिथून तिचा धोका बदलतो.

स्फटिकरूप सिलिकेची सूक्ष्म धूळ फुप्फुसात खोल जाते. तिथल्या भक्षक पेशी कण गिळतात, पण तो विरघळत नाही. पेशी फुटते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. दाह चालू राहतो आणि फुप्फुस तंतूंनी घट्ट होत जाते. ताज्या फुटलेल्या कणाच्या पृष्ठभागावरचे रासायनिक गट जास्त घातक असतात. सिलिकोसिसला औषध नाही, आणि त्याच्या पाठोपाठ क्षयरोग येतो. १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ही धूळ कर्करोगकारक ठरवली. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातला हॉक्स नेस्ट बोगदा १९३०च्या सुमारास सिलिकेच्या खडकातून कोरडाच खोदला, तेव्हा शेकडो मजूर मेले. ब्रिटनने ओतकाम वाळूच्या फवाऱ्याने साफ करण्यावर १९४९ साली बंदी घातली. आपल्याकडे मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिली आणि खंभातचे अकीक यांच्या कारागिरांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. गोध्र्याच्या गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत काम करून मेलेल्या मध्य प्रदेशातल्या २३८ आदिवासी मजुरांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली गुजरात सरकारला दिला. झाबुआ, अलीराजपूर, धार इथून ते गेले होते. दगड फोडताना पाणी मारणे, धूळ उगमाशीच खेचून घेणे, छातीची नियमित तपासणी करणे यांतले काहीही तंत्र म्हणून अवघड नाही, आणि तरी ते घडत नाही, याचा राग यावा असेच हे प्रकरण आहे.

अलीकडे स्वयंपाकाच्या ओट्यांसाठी क्वार्ट्झची भुकटी राळेत दाबून केलेल्या फरश्या लोकप्रिय झाल्या. त्यांत नव्वद टक्क्यांपर्यंत स्फटिकरूप सिलिका असू शकते. त्या कोरड्या कापणाऱ्या तरुण कामगारांत काही वर्षांतच गंभीर सिलिकोसिस दिसू लागला, आणि ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४पासून एक टक्का किंवा त्याहून जास्त स्फटिकरूप सिलिका असलेल्या अशा फरश्यांवर बंदी घातली. उत्पादकांनी त्यावर काढलेला एक मार्ग म्हणजे क्वार्ट्झऐवजी पुनर्वापराची काच दळून वापरणे. काचेतही सिलिकाच असते, पण अणूंची मांडणी विस्कळित, म्हणून तिची धूळ फुप्फुसाला तितकी घातक ठरत नाही. अमेरिकेला क्वार्ट्झच्या फरश्या पाठवणाऱ्या प्रमुख देशांत भारत आहे, आणि त्या घडवणाऱ्या आपल्या कारखान्यांत हा बदल कायद्याने आणता येण्यासारखा आहे.